संगीत महाविद्यालयांची स्वीकृतीपत्रे आणि शिष्यवृत्त्या: घरातल्या सर्वांनी मिळून निवड कशी करावी

अमेरिकेतील संगीत महाविद्यालयांची उत्तरे साधारणपणे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येतात आणि पदवीच्या प्रवेशासाठी त्यांतील बहुतेकांना 1 मेपर्यंत होकार हवा असतो. मुलाच्या आयुष्यातील चार वर्षांचा आणि घराच्या बऱ्याचशा बचतीचा निर्णय घेण्यासाठी कुटुंबाच्या हाती असे जेमतेम चार-पाच आठवडे उरतात. आमची मुलगी व्हायोलिन वाजवते. तिला तीन ठिकाणांहून प्रवेश मिळाला तेव्हा ठाण्यात नौपाड्यातील आमच्या घरी हे आठवडे बऱ्याच गोंधळात गेले. त्यानंतर ठाण्या-वाशीतील ओळखीच्या काही कुटुंबांबरोबर अशीच पत्रे समोर घेऊन बसण्याचा योग आला, आणि त्या सगळ्यातून जी पद्धत हाती लागली ती येथे मांडली आहे. तिचा गाभा एवढाच आहे की, पत्रावर ठळक अक्षरांत छापलेली शिष्यवृत्तीची रक्कम सुरुवातीला बाजूला ठेवावी आणि प्रत्येक संस्थेबाबत दोनच गोष्टी शोधून काढाव्यात: शिक्षण पूर्ण होईपर्यंत घरातून प्रत्यक्ष किती पैसे जाणार, आणि मुलाला कोणत्या गुरूसमोर आठवड्याला किती वेळ बसायला मिळणार.

पत्रे येण्यापूर्वीचे काम

घराची मर्यादा पत्रे येण्याआधी ठरवावी. एकदा आवडत्या संस्थेचा होकार आला की घरातील कोणाच्याही तोंडून "हे आपल्याला परवडणार नाही" हे वाक्य निघत नाही. आई बाबांकडे पाहते, बाबा आजोबांकडे पाहतात आणि मूल सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहते. म्हणून फेब्रुवारीतच आई आणि वडील दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आपापला आकडा लिहावा: वर्षाला किती रक्कम देता येईल, भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा की नाही, कर्ज किती घ्यायचे, आणि धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठी काय राखून ठेवायचे. आमच्या दोघांच्या आकड्यांत बारा लाखांचे अंतर निघाले. ते पत्र येण्याआधी निघाले, म्हणून त्यावर शांतपणे बोलता आले.

कर्जाबाबत एक स्थानिक अडचण आधीच तपासून घ्यावी. परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जासाठी सरकारी बँका बहुधा तारण मागतात, आणि आपल्याकडे तारण म्हणजे बहुतेक वेळा राहता फ्लॅट. नौपाडा, पाचपाखाडी, चरई या भागांतील जुन्या इमारती पुनर्विकासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत, आणि विकासकाशी करार झालेला किंवा होऊ घातलेला असेल तर असा फ्लॅट तारण म्हणून घेताना बँक अनेक प्रश्न विचारते. नवी मुंबईत जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्याने मिळालेली असते, त्यामुळे सोसायटीबरोबरच सिडकोचेही ना-हरकत पत्र लागण्याची शक्यता असते. ही कागदपत्रे जमवायला किती आठवडे लागतील, हे बँकेच्या शाखेत जाऊन जानेवारी-फेब्रुवारीतच विचारावे. विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था अभ्यासक्रम आणि पुढील कमाईचा अंदाज पाहून रक्कम ठरवतात. अभियांत्रिकीच्या मुलाला जेवढे कर्ज मिळाले तेवढे व्हायोलिनच्या पदवीलाही मिळेल, असे धरून चालू नये. कर्जाच्या व्याजावरील आयकराची वजावट 8 वर्षांपर्यंत मिळते, परंतु ती केवळ जुन्या करप्रणालीत, हेही लक्षात असावे.

पत्र कसे वाचावे

शिष्यवृत्तीचे पत्र अभिनंदनाच्या सुरात लिहिलेले असते, आणि तसे ते असावेही, कारण मुलाने दहा-बारा वर्षे केलेल्या रियाजाची ती पावती आहे. मात्र पहिल्या दिवशी आनंद साजरा करून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तेच पत्र पेन्सिल घेऊन पुन्हा वाचावे. आमच्याकडे आलेल्या एका पत्रातील आकडा आम्ही वर्षाचा समजून बसलो होतो आणि तो चारही वर्षांचा मिळून होता. आठ दिवस आम्ही त्या संस्थेच्या बाजूने मन तयार करत होतो. मुलीच्या आजोबांनी, जे आयुष्यभर हिशेबाच्या नोकरीत होते, तेच वाक्य तीन वेळा वाचून शंका काढली. प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवल्यावर त्यांची शंका खरी ठरली. पत्रात लबाडी नव्हती, एक शब्द आमच्या नजरेतून सुटला होता, पण त्या एका शब्दाने मुलीला झालेले दुःख मी विसरलेली नाही.

म्हणून प्रत्येक पत्राला काही प्रश्न ठरवून विचारावेत. रक्कम दर वर्षाची की एकूण? ती ठरावीक रक्कम आहे की ट्यूशन फीची टक्केवारी? हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण फी दरवर्षी वाढते, टक्केवारीची शिष्यवृत्ती तिच्याबरोबर वाढते आणि ठरावीक रक्कम मात्र जागच्या जागी राहते. नूतनीकरणासाठी किमान किती गुण लागतात, आणि ते केवळ वादनाचे की सर्व विषयांचे मिळून? ऑर्केस्ट्रात किंवा छोट्या वादनसमूहात वाजवणे बंधनकारक आहे का? मुलाने दुसऱ्या वर्षी वादन सोडून संगीतरचनेकडे किंवा संगीतशिक्षणाकडे जायचे ठरवले तर शिष्यवृत्ती राहते का? ती किती सत्रांपुरती आहे? शेवटचा प्रश्न दुहेरी पदवीचा विचार करणाऱ्यांसाठी आहे, कारण असा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो आणि शिष्यवृत्ती पुष्कळदा आठ सत्रांनंतर संपते. यांतील ज्या प्रश्नाचे उत्तर पत्रात नसेल ते ईमेलने विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे. फोनवर गोड आवाजात मिळालेले आश्वासन तिसऱ्या वर्षी कोणाच्या लक्षात राहत नाही.

"पूर्ण शिष्यवृत्ती" हा शब्दही तपासून पाहावा. फिलाडेल्फिया येथील कर्टिस इन्स्टिट्यूट 1924 मध्ये सुरू झाली आणि 1928 पासून तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला पूर्ण ट्यूशन फी माफ आहे. तरीही त्या शहरात राहण्याचा, जेवण्याचा आणि विम्याचा खर्च आहेच. तिथे प्रवेश मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, पण नातेवाइकांना "सगळे फुकट आहे" असे सांगण्यापूर्वी हा खर्चही मांडलेला असावा.

चार वर्षांचा हिशेब

आता काल्पनिक आकडे घेऊन हिशेब करून पाहू. पहिल्या संस्थेची ट्यूशन फी वर्षाला 50,000 डॉलर, राहण्या-जेवण्याचा खर्च 20,000 डॉलर आणि शिष्यवृत्ती दरवर्षी ठरावीक 30,000 डॉलर आहे, असे समजू. दुसऱ्या संस्थेची फी 34,000, इतर खर्च 16,000 आणि शिष्यवृत्ती फक्त 12,000 डॉलर आहे. पत्रे शेजारी शेजारी ठेवली तर 30,000 चा आकडा डोळ्यांत भरतो आणि घरातले सगळे पहिल्या संस्थेकडे झुकतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी घरातून पहिल्या संस्थेला 40,000 आणि दुसऱ्या संस्थेला 38,000 डॉलर जातील. फी आणि खर्च दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढले आणि शिष्यवृत्ती तेवढीच राहिली, तर चार वर्षांची बेरीज पहिल्या ठिकाणी सुमारे 1,77,000 आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे 1,64,000 डॉलर होते. अडीच पट मोठी शिष्यवृत्ती देणारी संस्था शेवटी 13,000 डॉलरनी महाग पडते.

यात रुपयाची घसरणही मिळवावी लागते. डॉलर 90 रुपये धरला तर पहिल्या संस्थेचे पहिले वर्ष 36 लाखांचे होते. चौथ्या वर्षी तीच रक्कम सुमारे 48,700 डॉलरवर गेलेली असते, आणि डॉलर वर्षाला 3 टक्क्यांनी महागत गेला तर ते शेवटचे वर्ष जवळजवळ 48 लाखांचे होते. ज्या कुटुंबाने पहिल्या वर्षाचा आकडा चारने गुणून मर्यादा ठरवली असेल, त्याची अडचण तिसऱ्या वर्षी सुरू होते, आणि तेव्हा मूल मध्येच परत आणणे हा पर्याय कोणालाच नको असतो. माझ्या मते चौथ्या वर्षाचा आकडा परवडतो का, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या आकड्याइतकाच काळजीपूर्वक पाहावा.

पत्रात न दिसणारे खर्चही याच कागदावर लिहावेत: आरोग्य विमा, जो अमेरिकेतील बहुतेक संस्थांत सक्तीचा असतो, वर्षातून एकदा घरी येण्याचे विमानभाडे, पियानोच्या साथीदाराचे मानधन, जिथे ते विद्यार्थ्याला द्यावे लागते, तारा, बो-चे (गजाचे) केस बदलणे, वाद्याचा विमा, आणि पुढे कधीतरी लागणारे चांगले वाद्य. चेलो वाजवणाऱ्या मुलाच्या पालकांनी विमानात वाद्यासाठी वेगळ्या आसनाचे भाडे धरावे. लाकडी वाद्यांची एक बाब येथे सांगावीशी वाटते: ठाण्याच्या दमट हवेत वाढलेले व्हायोलिन बॉस्टन किंवा शिकागोच्या हिवाळ्यात, हीटर चालू असलेल्या खोलीत गेले की कोरड्या हवेने त्याच्या लाकडाला तडा जाऊ शकतो. पेटीत ठेवायचा आर्द्रता राखणारा साधा ह्युमिडिफायर हा फार किरकोळ खर्च आहे, आणि तो पहिल्याच आठवड्यात करावा.

पैसे पाठवण्याचे नियमही माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. वर्षाला 10 लाख रुपयांच्या पुढे स्वतःच्या पैशांतून गेलेल्या शैक्षणिक रकमेवर बँक टीसीएस (रक्कम पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापते; तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर 1 एप्रिल 2025 पासून हा टीसीएस लागत नाही.

मूल तिथे काम करून हातभार लावेल, या अपेक्षेवर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना संस्थेच्या आवारातच आणि आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येते, आणि रोज चार-पाच तास वाजवणाऱ्या मुलाला तेही जड जाते. पदवीनंतर कामासाठी मिळणारी मुदत सर्वसाधारणपणे 12 महिन्यांची असते. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरांना मिळणारी पुढची 24 महिन्यांची वाढ वादनाच्या पदवीला मिळत नाही. कर्जाचे हप्ते डॉलरच्या पगारातून फेडण्याचे गणित मांडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

जर्मनीचा पर्याय वेगळ्या हिशेबाचा आहे. तेथील सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना 2017 पासून प्रत्येक सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. निर्वाहासाठी वर्षाचे सुमारे 11,900 युरो "ब्लॉक्ड" खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, आधी जमा दाखवावे लागतात. तिथे शिष्यवृत्तीपेक्षा प्रवेशपरीक्षा आणि जर्मन भाषा या दोन गोष्टी कस पाहतात, आणि भाषेची तयारी अकरावीतच सुरू करावी लागते.

गुरू कोण, आणि किती वेळ

आपल्याकडे मूल गाते-वाजवते असे कळले की पहिला प्रश्न "कोणाकडे शिकतो?" असाच येतो. परदेशी संस्थेचे पत्र हातात आले की मात्र हा प्रश्न मागे पडतो आणि इमारतीचे, शहराचे, माजी विद्यार्थ्यांचे कौतुक पुढे येते. प्रत्यक्षात वादनाच्या पदवीचा कणा म्हणजे आठवड्यातून एकदा, साधारण तासभर, एका शिक्षकासमोर एकट्याने बसणे. वर्षात असे तीसच्या आसपास तास होतात. चार वर्षांत सव्वाशेच्या आत-बाहेर. घरातून जाणाऱ्या सगळ्या पैशांच्या बदल्यात मुख्यतः हेच तास मिळतात, म्हणून ते कोणाबरोबर जाणार आहेत हे कळल्याशिवाय होकार देऊ नये.

शिक्षकाचे नाव पत्रात निश्चित केलेले आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर विचारावे. त्या शिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत, दौऱ्यावर असताना त्यांचे तास कोण घेते, पुढील चार वर्षांत त्यांची निवृत्ती किंवा दीर्घ रजा आहे का, हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला शिक्षक त्यांची सरळ उत्तरे देतो. शक्य असेल तर ऑनलाइन एक चाचणी-तास मागावा. आमच्या मुलीने असे दोन तास घेतले. एका शिक्षकांनी तिचे वादन पूर्ण ऐकून तिची प्रशंसा केली आणि संस्थेविषयी माहिती दिली. दुसऱ्या बाईंनी चौथ्या ओळीवर थांबवले आणि उरलेला तास तिच्या उजव्या मनगटावर काढला. तास संपल्यावर मुलगी रडवेली होऊन खोलीबाहेर आली आणि जेवण होताच पुन्हा व्हायोलिन काढून तेच चार बार (स्वरलिपीतील छोटे खंड) वाजवू लागली. त्या रात्री आम्हाला पुष्कळ काही कळले. याचा अर्थ कठोर शिक्षक नेहमीच योग्य, असा नाही. काही मुले अशा वागण्याने मिटून जातात. आपले मूल कोणत्या हाताखाली फुलते, हे घरच्यांपेक्षा त्याच्या इथल्या सरांना किंवा बाईंना अधिक ठाऊक असते, म्हणून त्यांना एक संध्याकाळ घरी बोलावून सगळी पत्रे दाखवावीत.

त्या शिक्षकाचे सध्याचे दोन विद्यार्थी शोधून त्यांच्याशी मुलानेच बोलावे, आईवडिलांनी नव्हे. सरावाच्या खोल्या रात्री किती वाजेपर्यंत मिळतात, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ऑर्केस्ट्रात प्रत्यक्ष वाजवायला मिळते की वर्षभर वाट पाहावी लागते, हे ती मुले खरेखुरे सांगतात.

देशातील होकार तराजूत ठेवताना

पुष्कळ घरांत परदेशी पत्राशेजारी पुण्याचे, मुंबईचे किंवा बडोद्याचे पत्रही असते, आणि मूल हिंदुस्थानी संगीत शिकत असेल तर ते हलके समजण्याचे काहीच कारण नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगकला विद्याशाखा, 1956 मध्ये स्थापन झालेले खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय येथे फी परदेशाच्या मानाने अगदी थोडी असते. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी तर निवडलेल्या शिष्यांना विद्यावेतन देऊन गुरूंच्या सान्निध्यात ठेवते. येथे हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो. पैशांचा प्रश्न लहान असतो, मात्र विद्यापीठाची पदवी आणि गुरूची तालीम या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. मुंबईत दिवसभर वर्ग करून संध्याकाळी ठाण्याला परतणारा मुलगा गुरूकडे कधी जाणार आणि स्वतःचा रियाज कधी करणार, हे आठवड्याच्या कोष्टकात प्रत्यक्ष लिहून पाहावे. गर्दीच्या लोकलमध्ये तंबोरा किंवा सतार घेऊन चढता येत नाही, हेही त्या कोष्टकात धरावे. त्या दृष्टीने वाशीच्या मुलाला वाशीतच असलेल्या गंधर्व महाविद्यालयात तालीम चालू ठेवून पदवी जवळच्या महाविद्यालयातून घेणे अधिक लाभाचे ठरू शकते.

केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटासाठी असून ती दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षे मिळते. रक्कम मोठी नाही, पण ती गुरूकडील तालमीसाठी असल्यामुळे पदवीच्या बरोबरीने तिचा विचार करता येतो. धाकट्या भावंडासाठी सीसीआरटीची (त्याच मंत्रालयाखालील सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची) शिष्यवृत्ती 10 ते 14 या वयात मिळते, हे त्याच बैठकीत टिपून ठेवावे.

पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही

आपल्याकडे दिलेल्या शिष्यवृत्तीवर पुन्हा बोलणे संकोचाचे वाटते. अमेरिकेतील संस्थांमध्ये मात्र ही नेहमीची प्रक्रिया आहे आणि सभ्य विनंतीमुळे दिलेला प्रवेश काढून घेतला जात नाही. पत्र विद्यार्थ्याच्या नावाने, छोटे आणि नेमके असावे: तुमच्याकडेच यायची इच्छा आहे, अमुक शिक्षकांकडे शिकायचे आहे, कुटुंबाला वर्षाला इतकी रक्कम देता येते, सध्या इतकी कमी पडते, दुसऱ्या संस्थेचे पत्र सोबत जोडले आहे, फेरविचार होऊ शकेल का? आकडा खरा असावा आणि न आलेल्या पत्राचा दाखला कधीही देऊ नये. हे पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच जावे, कारण उत्तर यायला दहा-बारा दिवस लागतात. आमच्या बाबतीत एका संस्थेने काहीच वाढवले नाही, दुसरीने वर्षाला 4,000 डॉलर वाढवले, म्हणजे एका साध्या ईमेलने चार वर्षांत 16,000 डॉलर वाचले.

मुदतीपूर्वीच होकाराचा आग्रह कोणी धरत असेल तर शेवटची तारीख लेखी मागावी. होकाराबरोबर भरायची अनामत बहुधा परत मिळत नाही, म्हणून दोन ठिकाणी ती भरून ठेवण्याचा मोह टाळावा; तो इतर विद्यार्थ्यांवरही अन्याय आहे.

शेवटची बैठक

सगळी उत्तरे आल्यावर एका रविवारी सकाळी सर्वांनी बसावे. प्रत्येक संस्थेसाठी एक कागद, त्यावर पहिल्या आणि चौथ्या वर्षाचा घरातून जाणारा आकडा, शिक्षकाचे नाव आणि चाचणी-तासाविषयी मुलाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी. आधी मुलाने बोलावे, मग धाकट्या भावंडाने, मग आजी-आजोबांनी आणि सर्वांत शेवटी आई-वडिलांनी. हा क्रम मी मुद्दाम सुचवते, कारण वडील आधी बोलले की बाकीचे बहुधा मान डोलावतात. आमच्या घरी मुलीच्या आजीने विचारलेला प्रश्न कोणत्याच कागदावर नव्हता: "तिला ताप आला तर तिथे तिच्याजवळ कोण असेल?" त्या प्रश्नामुळे आम्ही वसतिगृहाची आणि विद्यार्थी दवाखान्याची माहिती काढली, आणि त्या माहितीनेही निवडीला हातभार लावला.

ज्या संस्थेचे चौथे वर्ष फेब्रुवारीत लिहिलेल्या मर्यादेबाहेर जाते, तो कागद त्याच बैठकीत बाजूला काढावा, मग तिचे नाव कितीही मोठे असो. उरलेल्यांत शिक्षक पाहून निवड मुलावर सोपवावी. एकच कागद उरला आणि तो मुलाच्या मनातला नसेल, तर एक वर्ष थांबून पुन्हा ऑडिशन देण्याचा पर्यायही बोलून पाहावा. त्या वर्षात रोजचा रियाज, गुरू आणि खर्च यांची आखणी मात्र तेव्हाच करावी, नुसते थांबू नये. आमच्या मुलीने तिला मनगटावर तासभर अडवणाऱ्या बाईंची संस्था निवडली. त्या संस्थेची शिष्यवृत्ती तिन्हींत मधली होती.

होकार गेला की त्याच दिवशी इतर संस्थांना आणि विशेषतः चाचणी-तास देणाऱ्या शिक्षकांना मुलाने स्वतः आभाराचे आणि नकाराचे पत्र लिहावे, म्हणजे त्या जागेवर आणि त्या शिष्यवृत्तीवर प्रतीक्षायादीतील दुसऱ्या कोणाला तरी घेता येते. त्यानंतर व्हिसासाठी लागणारा पहिल्या वर्षाच्या निधीचा पुरावा, बँकेचे कर्जमंजुरीपत्र आणि शिष्यवृत्तीच्या अटींचे सर्व ईमेल छापून एका फाइलमध्ये ठेवावेत, आणि त्या फाइलची एक प्रत मुलाच्या सामानात द्यावी.